तीन वर्षांचा आराखडा सोमवारच्या वेळापत्रकात दिसला पाहिजे

प्रश्न असा आहे: नवी मुंबईच्या तुर्भे-घणसोली पट्ट्यातल्या एका महापालिका शाळेत एका शिक्षकांकडे यंदा मुख्याध्यापकपदाचा प्रभार आला आहे. मराठी माध्यम, पहिली ते आठवी, पट 640, शिक्षक 17. त्यांना शाळा विकास आराखडा करायचा आहे. ते लिहितात, "आधीच्या सरांची 38 पानांची फाईल आहे. प्रशिक्षणात धोरणात्मक नियोजन आणि कार्यवाहीचं नियोजन हे दोन शब्द वारंवार ऐकले. दोन्हींत नेमका फरक काय? आणि मी सुरुवात कुठून करू?"

सर, मी 31 वर्षं शिकवलं. आधी ठाण्यात, मग घणसोलीत. एकाच संस्थेच्या दोन अनुदानित शाळा. शेवटची 12 वर्षं मुख्याध्यापिका होते, आणि निवृत्तीनंतर आराखडे करायला बसणाऱ्या मुख्याध्यापकांबरोबर बसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती 38 पानं आधी बाजूला ठेवा. टाकून देऊ नका, पटाची आणि इमारतीची माहिती त्यातूनच घ्यावी लागेल. पण ती फाईल कशासाठी तयार झाली हे समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने विकास आराखडा करायचा असतो. केंद्राच्या नमुना नियमांत तो तीन वर्षांचा आहे आणि त्याच्या पोटात तीन वार्षिक उप-आराखडे आहेत. त्यात काय मागितलंय बघा: वर्गवार पटाचा अंदाज, जादा लागणारे शिक्षक, इमारत आणि साहित्याची गरज, आणि या सगळ्याला वर्षनिहाय लागणारा पैसा. म्हणजे हे शाळेचं मागणीपत्र आहे. वर्गखोल्या, मुलींची स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी हे मागायलाच हवं आणि वेळेत मागायला हवं. पण पाचवीतला मुलगा वाचत का नाही, याला त्या नमुन्यात रकानाच नाही. नमुना भरून दिला की सुधारणेचं नियोजन झालं, असं धरून चालणारे मुख्याध्यापक मी खूप पाहिले. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. तुम्ही दोन कागद वेगळे ठेवा. मागणीपत्र समितीच्या सहीने वर पाठवा, आणि सुधारणेचा कागद शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावा.

आता तुमच्या दोन शब्दांबद्दल. पुढची तीन वर्षं शाळा कोणत्या एक-दोन गोष्टींसाठी आपली सगळी ताकद लावणार आणि त्यासाठी काय सोडून देणार, हे ठरवणं म्हणजे धोरणात्मक नियोजन. "काय सोडणार" हा भाग बहुतेक आराखड्यांतून गायब असतो, आणि तो नसला की बाकीचं सगळं नुसत्या इच्छा म्हणून कागदावर राहतं. तो निर्णय कोणत्या तासिकेला, कोणाच्या हातून, कोणत्या तारखेपर्यंत उतरणार हे लिहिणं म्हणजे कार्यवाहीचं नियोजन. मी एकच कसोटी लावत आले. आराखड्यातलं कुठलंही वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, यामुळे येत्या सोमवारी कोणाचं वेळापत्रक बदलतंय? कोणाचंच बदलत नसेल तर ते वाक्य खोडायचं.

सुरुवात कुठून करायची ते माझ्या शाळेतल्या एका जूनवरून सांगते.

आमच्याकडे बरीच मुलं दगडखाणीच्या वस्तीतून यायची. घरची बोली कोणाकडे गोरमाटी, कोणाकडे वडारी. पाचवीच्या मुलांना वाचता येत नाही ही तक्रार दरवर्षी व्हायची, आणि सभेत दरवर्षी तीच दोन कारणं निघायची: पालक लक्ष देत नाहीत आणि घरची भाषा वेगळी. त्या वर्षी मी व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून बसले. पाचवीच्या दोन तुकड्या, 83 मुलं. एकेकाला बोलवायचं, समोर एक पान ठेवायचं आणि एक मिनिट वाचायला सांगायचं. पान मुद्दाम पाठ्यपुस्तकाबाहेरचं घेतलं होतं, कारण पुस्तकातले धडे मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेले असतात आणि आपण फसतो. चार दिवस लागले.

एक मुलगा मला अजून दिसतो. त्याने शब्दाखाली बोट धरलं. "क... म... ळ..." अशी तीन अक्षरं सुटी सुटी नीट उच्चारली. मग थांबला, वरच्या चित्राकडे बघितलं आणि ठामपणे म्हणाला, "फूल." मुलगा हुशार होता. चार वर्षं तो चित्रावरून वाट काढत आला होता आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. चौथीच्या प्रगतिपुस्तकात त्याला मराठीत ब-1 होता.

निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं तिसरीअखेरचं लक्ष्य आहे मिनिटाला किमान 60 शब्द, समजून. त्या हिशेबाने आमच्या पाचवीतली 29 मुलं तिसरीच्याही पायरीवर नव्हती. मी त्यांची यादी केली आणि कपाटातून जुने कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, काढले. 29 पैकी 19 मुलं दुसरीत एकाच तुकडीत होती. त्या वर्षीच्या कॅटलॉगमध्ये हजेरीची चार वेगवेगळी हस्ताक्षरं होती. मूळ बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेले सर पटाच्या मानाने अतिरिक्त ठरले आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत गेले. मग काही आठवडे ज्याला ऑफ तास असेल तो जाऊन बसत होता. शेवटी जे सर आले त्यांना निवडणुकीचं काम लागलं. त्याच वस्तीतली, त्याच भाषा बोलणारी, शेजारच्या तुकडीतली मुलं बऱ्यापैकी वाचत होती. म्हणजे आम्ही घराकडे बोट दाखवत होतो आणि कारण आमच्याच वर्गवाटपात होतं.

एवढं लांबण लावून सांगण्याचं कारण असं की निदान चुकलं तर आराखडा कितीही सुबक असो, तो चुकीच्या जागी पैसा आणि वेळ घालतो. "पालक लक्ष देत नाहीत" या निदानावर आम्ही आधीची दोन वर्षं पालक मेळावे घेतले होते. ते चांगले झाले, पण मुलांचं वाचन तिथेच राहिलं.

त्या यादीवरून आमचा तीन वर्षांचा निर्णय निघाला: पहिली-दुसरीचा वर्गशिक्षक मध्येच हलणार नाही, पहिलीचा शिक्षक मुलांबरोबर दुसरीत जाईल, आणि या वर्गांवर शाळेतले सगळ्यात पक्के शिक्षक दिले जातील. लिहायला दोन ओळी, पण अमलात आणायला फार जड गेलं. आमच्या सगळ्यात अनुभवी बाई वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीचा वर्ग घ्यायच्या. त्यांना पहिली दिली तेव्हा त्यांना तो अपमान वाटला. मी त्यांच्या शेजारी बसून ती 29 नावं त्यांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "घेते मी पहिली, पण दोन वर्षं मला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही." ही अट मी लेखी दिली. शिष्यवृत्तीचा जादा वर्ग त्या वर्षी बंद ठेवला आणि संमेलनाची तालीम महिन्यावरून आठ दिवसांवर आणली. संस्थेतून विचारणा झाली, काही पालक नाराज झाले. ती पहिलीतली मुलं तिसरीच्या अखेरीला आली तेव्हा दोन्ही तुकड्यांत मिळून 60 शब्दांच्या खाली सात मुलं होती, आणि त्यातली चार मधल्या काळात दुसऱ्या शाळांतून आलेली.

पण सगळं साधलं असं नाही. गणिताला त्या तीन वर्षांत आम्ही हातच लावला नाही. आणि जी 29 मुलं तेव्हा पाचवीत होती त्यांच्यासाठी रोज एक तासिका काढली खरी, पण सातवीत गेल्यावर ती टिकवता आली नाही. त्यांच्यातली काही मुलं तशीच पुढे गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. खालून पाया घालताना वरच्या वर्गात अडकलेल्या मुलांसाठी वेगळा, नावानिशी बंदोबस्त लागतो, तो तुम्ही पहिल्याच वर्षी करा.

शाळासिद्धी या शाळेच्या स्वयंमूल्यमापनात सात क्षेत्रं आणि 46 मानकं आहेत. ती प्रामाणिकपणे भरा, आपण कुठे आहोत ते त्यातून दिसतं. पण 46 गोष्टी एकदम सुधारायला घेऊ नका. 17 शिक्षकांच्या शाळेने तीन वर्षांसाठी दोन गोष्टी घ्याव्यात, तिसरी नको. माझं मत विचाराल तर एक वाचन आणि दुसरी हजेरी. पण ते मी माझ्या मुलांवरून सांगते. तुमची यादी वेगळं सांगत असेल तर तिचं ऐका.

आता कार्यवाही. इथे सगळ्यात आधी दिवस मोजा. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला किमान 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस भरतात. पण अध्यापनाला अखंड मिळणारे दिवस किती, हे तुमच्या मागच्या वर्षीच्या लॉगबुकवरून काढा. आपल्या भागात वर्ष सरळ रेषेत चालत नाही. 15 जूनला शाळा उघडते, पण गावी गेलेली कुटुंबं परतायला जून संपतो. मग अतिवृष्टीच्या एक-दोन सुट्ट्या धरूनच चालायचं. गौरी-गणपतीला आगरी-कोळी गावठाणातली मुलं घरच्या कामात असतात आणि कोकणातली गावी. मग सत्र परीक्षा, दिवाळी. डिसेंबरचा उत्तरार्ध क्रीडा आणि संमेलनात जातो. शिमग्याला पुन्हा कुटुंबं गावी जातात आणि काही मुलं थेट परीक्षेलाच दिसतात. आई-बाप ऊसतोडीला गेले म्हणून ऐन हंगामात आजीकडे राहणारी मुलं असतात ती वेगळीच.

त्यामुळे सलग शिकवायला तीन पट्टे मिळतात: जुलैपासून गणपतीपर्यंत, दिवाळीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आणि जानेवारीच्या मध्यापासून शिमग्यापर्यंत. कार्यवाहीचा आराखडा या तीन पट्ट्यांवर बांधा. महिन्यांच्या बारा चौकोनांत बसवू नका, कारण त्यातले चार-पाच चौकोन रिकामेच जाणार आहेत आणि ते आपल्याला आधीपासून माहीत आहे. प्रत्येक पट्ट्याच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याच मुलांचं पुन्हा एक मिनिट वाचन घ्या. म्हणजे वर्षाला सहा नोंदी. तेवढ्या पुरतात.

एक ओळ कशी लिहायची ते दाखवते. जुन्या फाईलमध्ये बहुधा असं असेल: "विद्यार्थ्यांची वाचनक्षमता वाढवण्यासाठी विविध उपक्रम राबवणे, जबाबदारी सर्व शिक्षक, कालावधी वर्षभर." सर्व शिक्षक म्हणजे कोणीच नाही आणि वर्षभर म्हणजे कधीच नाही. त्याऐवजी असं लिहा: "तिसरी ब मधली यादीतली 14 मुलं, सोमवार ते शुक्रवार तिसरी तासिका, ग्रंथालयाच्या खोलीत, अमुक बाईंकडे. त्या तासिकेला बाईंचा मूळ वर्ग अमुक सर घेतील. बाई रजेवर असतील तर तमुक बाई. गणपतीपूर्वीच्या शनिवारी पुन्हा वाचन." या ओळीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटून दुसरा आहे. शिक्षक गैरहजर असणारच आहेत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं कलम 27 नुसारच शिक्षकांना लागू शकतात, त्याशिवाय बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम आणि प्रशिक्षणं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या तासिकेला एक जोडशिक्षक जूनमध्येच लिहून ठेवा. आमची तुकडी बुडाली ती नेमकी हे न केल्याने.

आढाव्यासाठी नवीन अहवाल सुरू करू नका, शिक्षक आधीच ऑनलाइन माहिती भरून थकलेले आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर 30 मिनिटं उभ्या-उभ्या भेटलात तरी चालेल. तीन प्रश्न पुरेत: या आठवड्यात त्या तासिका किती झाल्या, किती बुडाल्या आणि का, आणि यादीतली कोणती मुलं सलग तीन दिवस आली नाहीत. बुडालेल्या तासिकांचं कारण त्याच दिवशी वेळापत्रकाच्या कडेला पेन्सिलने लिहा. दोन महिन्यांनी ती पेन्सिलची कारणं एकत्र वाचलीत की शाळेचा वेळ कुठे गळतो ते तुमच्या समोर येईल. आमच्याकडे तो परिपाठ लांबल्यामुळे पहिल्या तासिकेतून गळत होता.

पहिल्या तासिकेवरून समितीची गोष्ट निघते. कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं आहे, आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. पण सभा सकाळी अकराला ठेवली तर येणार कोण? आमच्या समितीतल्या आया वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत घरकामाला जायच्या, वडील एमआयडीसीत पाळीवर. आम्ही सभा रविवारी सकाळी ठेवायला लागलो. तिसऱ्या सभेत आम्ही सहावी-सातवीच्या मुलींच्या उशिराची तक्रार मांडत होतो, तेव्हा मागे बसलेली एक आई म्हणाली, "बाई, आमच्या गल्लीत पाणी साडेसहाला येतं आणि साडेसातला जातं. आई कामावर गेलेली असती. हंडे पोरीच भरतात." सकाळची शाळा होती आणि वाचनाची तासिका आम्ही पहिली ठेवली होती. म्हणजे जिला ती तासिका सगळ्यात जास्त हवी होती तीच मुलगी पाण्याच्या रांगेत उभी होती. आम्ही सोमवारपासून ती तासिका तिसरी केली. पैसा लागला नाही, परवानगी लागली नाही. तुमच्या कुठल्याही सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये हे कळलं नसतं. म्हणून आराखडा समितीपुढे सहीसाठी नेण्याआधी निदानाच्या वेळीच न्या, आणि सभेत त्यांना बोलू द्या.

पैशाबद्दल थोडक्यात. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेच्या निकषांत 251 ते 1000 पटाच्या शाळेला एकत्रित शाळा अनुदान वर्षाला 75,000 रुपये आहे, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. हाताशी साधारण साडेसदुसष्ट हजार उरतात, त्यात वीज-दुरुस्ती-स्टेशनरी आलीच. सुधारणेला खरा पैसा थोडाच लागतो. आम्ही वाचनासाठी जो खर्च केला तो बहुतेक गोष्टींच्या पुस्तकांवर, एका वर्गाला पुरतील इतक्या प्रतींवर. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, 30 सप्टेंबरच्या पटावर ठरते, म्हणून परतलेल्या मुलांचे प्रवेश आणि नोंदी त्याआधी पूर्ण करा. एकेक शिक्षक त्यावर टिकतो.

आपला भाग कारखान्यांचा आहे, त्यामुळे कंपन्यांकडून मदत येते. त्यांना नम्रपणे भिंतीवरचा कागद दाखवा आणि त्यातलंच काहीतरी मागा. आम्हाला एका कंपनीने टॅब दिले होते. चांगल्या मनाने दिले, पण आमच्या कोणत्याच तासिकेत त्यांची जागा नव्हती आणि चार्जिंगची सोय एका खोलीपुरती. दोन वर्षं ते कपाटात कुलपात होते. पुढच्या वेळी आम्ही गोष्टींची पुस्तकं आणि दोन सतरंज्या मागितल्या. त्या सतरंज्यांवर बसून मुलं रोज वाचत होती.

आता जुलै लागतोय, म्हणजे तुमचा पहिला पट्टा सुरू होतोय. या आठवड्यात आराखड्याचा एक शब्दही लिहू नका. तिसरी आणि पाचवी, दोनच वर्ग घ्या. पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक सोपं पान, एक घड्याळ आणि व्हरांड्यात दोन खुर्च्या. मुलांना तुम्ही स्वतः वाचायला बसवा, हे काम दुसऱ्या कोणावर सोपवू नका. नावं तीन रांगांत लिहा: वाचतात, अडखळतात, अक्षरावरच थांबतात. शेवटच्या रांगेतल्या मुलांचे पहिली-दुसरीचे कॅटलॉग कपाटातून काढा आणि हजेरी कोणकोणत्या हातांनी लिहिली आहे ते बघा. येत्या रविवारी समितीला बोलवा आणि ती यादी त्यांच्यासमोर ठेवा. तीन वर्षांत काय करायचं त्याचा पहिला मसुदा त्या सभेतून तुमच्या हाती येईल. तो एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. तो पाठवलात तर मी वाचून त्यावर नक्की लिहीन.